मी आलो, मी आले

श्रोतेहो, नभोवाणीवर बोलणारा माणूस तुम्हांला दिसत नाही. त्याचा पोशाख, त्याचे वय, त्याची बसण्याची ढब यांतले काहीही तुमच्या दिवाणखान्यापर्यंत पोहोचत नाही. पोहोचतो तो केवळ आवाज, आणि आवाज पुष्कळदा फसवा असतो. तरीही, "मी आज आपल्यापुढे चार शब्द बोलावयास आलो आहे," एवढे वाक्य मी उच्चारले की बोलणारा पुरुष आहे हे तुम्ही जाणता. तेच मी "आले आहे" असे म्हटले असते तर बोलणारी स्त्री आहे असे तुम्ही निःशंकपणे धरून चालला असता. नागपुरास नभोवाणीचे केंद्र १९४८ साली निघाले. तेव्हापासून या शहरातील घरांनी न दिसणाऱ्या शेकडो माणसांची भाषणे ऐकली, आणि प्रत्येक वेळी त्या एका ओकारावर किंवा एकारावर विश्वास ठेविला. वक्त्याने दाखला आणून दाखवावा असे कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आजच्या भाषणाचा विषय हा ओकार आणि हा एकार. तो निवडण्यास एक खासगी कारण घडले. ते आधी सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी मी शहरातील एका वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर होतो. एके दिवशी सायंकाळी पंचविशीच्या आतबाहेरची एक व्यक्ती वर्गणी भरावयास आली. अंगात साधा सदरा, केस मानेवर रुळणारे, हनुवटीवर दाढीची निळसर छटा. "मी मागच्या आठवड्यातही आले होते, पण तेव्हा कचेरी बंद झाली होती," असे त्यांनी सांगितले. मी ते वाक्य स्पष्ट ऐकले. ऐकूनही कारकुनाकडे वळून मी म्हणालो, "याचे नाव लिहून घ्या. तो मागेही येऊन गेला आहे." नोंदवहीत नावामागे 'श्री.' पडले. त्यांनी एकवार माझ्याकडे पाहिले, वर्गणीचे पैसे मेजावर ठेविले आणि पावती न घेताच त्या निघून गेल्या.

मी आयुष्यभर मराठी शिकविले. वाक्यात कर्ता एका लिंगाचा आणि क्रियापद दुसऱ्या लिंगाचे असे एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले तर मी तांबड्या शाईने खूण करीत असे. त्या सायंकाळी तीच चूक माझ्या तोंडून घडली, तीही कर्त्याने स्वतः योग्य रूप सांगितल्यानंतर.

ही हकीकत मी आमच्या मंडळातील एका वडीलधाऱ्या सभासदांना सांगितली. ते म्हणाले, "हे सर्वनामांचे खूळ विलायतेतून आले आहे, त्याचा इतका विचार कशाला करता?" विलायतेत या विषयाचा अलीकडे बराच खल चालला आहे, हे खरेच आहे. इंग्रजीत 'मी' आणि 'तू' यांना लिंग नाही, क्रियापदालाही नाही. सगळा भार पडतो तो तृतीय पुरुषाच्या एकवचनी सर्वनामावर. त्यामुळे तेथील काही लोक आपल्याविषयी कोणते सर्वनाम वापरावे हे स्वतः होऊन सांगू लागले, आणि 'दे' या अनेकवचनी सर्वनामाचा एकवचनी उपयोग, जो चौदाव्या शतकापासून तुरळक चालत आलेला होता, तो पुन्हा पुढे आला. स्वीडनमध्ये 'हेन' असे एक निराळेच सर्वनाम रूढ झाले, आणि स्वीडिश अकादमीने २०१५ साली आपल्या शब्दसूचीत त्यास जागा दिली. त्या देशांची ती अडचण आहे आणि तो त्यांचा तोडगा आहे. आपल्याला त्याची उसनवारी करण्याचे कारण नाही. कारण इंग्रजी माणसास जे मुद्दाम सांगावे लागते ते मराठी माणूस पहिल्या वाक्यातच सांगून मोकळा झालेला असतो. 'मी येतो' किंवा 'मी येते', 'मी दमलो' किंवा 'मी दमले': स्वतःचे लिंग सांगण्याचा पहिला अधिकार मराठीने बोलणाराकडेच ठेविला आहे.

अर्थात हे प्रत्येक वाक्यात घडत नाही. 'मी पुस्तक वाचले' या वाक्यात क्रियापद पुस्तकाच्या मागे जाते आणि वाचणारा कोण ते कळत नाही. 'मी उद्या येईन' यातही कळत नाही. 'तो येईल' व 'ती येईल' यांतील क्रियापदही एकच. भविष्यकाळात मराठी क्रियापदास लिंग नाही. शिवाय प्रांतभेद आहेतच. कोल्हापूरकडील मुली 'मी आलो', 'मी जातो' असे सर्रास म्हणतात, आणि त्यांना तेथे कोणी मुलगे समजत नाही. तेव्हा ऐकणाराने बोलणाराचा गावही ध्यानात घ्यावा लागतो.

शब्दाचे लिंग आणि देहाचे लिंग या दोन गोष्टी एक नव्हेत, याची जाणीव आपल्या वैयाकरणांना फार प्राचीन काळापासून होती. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीने महाभाष्यात स्त्रीप्रत्ययांची चर्चा करताना हाच प्रश्न उपस्थित केला आहे. स्त्री कोण आणि पुरुष कोण हे शरीरावरील दृश्य चिन्हांवरून ठरवावयाचे असे म्हटले, तर स्त्रीवेष घेऊन नाचणाऱ्या नटाचे काय करावयाचे, असे तो विचारतो. अशा नटास संस्कृतात 'भ्रूकुंस' म्हणत. आणि खाटेला किंवा झाडाला तर कोणतेच चिन्ह नाही. तरी खट्वा स्त्रीलिंगी आणि वृक्ष पुल्लिंगी! बऱ्याच ऊहापोहानंतर चर्चा अशा ठिकाणी येते की, शब्दाचे लिंग लोकव्यवहारावरून जाणावे. त्याच संस्कृतात पत्नीला तीन शब्द आहेत. भार्या स्त्रीलिंगी, कलत्र नपुंसकलिंगी, आणि दार हा शब्द पुल्लिंगी असून तोही अनेकवचनी. नवऱ्याची पंचाईत झाल्याचे मात्र कोठे नमूद नाही.

मराठीची स्थिती निराळी नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली निघाले आणि मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली. तेव्हापासून मुले तीन लिंगे पाठ करीत आली आहेत. टाक तो, लेखणी ती, पुस्तक ते. 'माणूस' हा शब्द पुल्लिंगी आहे, 'व्यक्ती' स्त्रीलिंगी आणि 'मूल' नपुंसकलिंगी. मिशीवाल्या न्यायाधीशाविषयीही आपण 'ती व्यक्ती' असे म्हणतो आणि त्यात कोणास वावगे वाटत नाही. शेजारच्या गोव्यात कोकणी बोलणारे लोक मुलीविषयी नपुंसकलिंगी रूप वापरतात. त्यात अनादर नसतो, असलीच तर माया असते. आपल्याकडे मात्र मोठ्या माणसास 'ते आलं' म्हणणे हा उघड अपमान आहे. जुन्या लेखनपद्धतीत नपुंसकलिंगी 'तें' या शब्दावर अनुस्वार देत असत आणि आदरार्थी 'ते' यावर देत नसत. म्हणजे छापील पानावर आदर आणि अवहेलना यांत केवळ एका टिंबाचे अंतर होते. १९६२ च्या लेखननियमांनी ते टिंब काढून टाकले.

पण मराठीची तीन लिंगे म्हणजे सृष्टीचाच नियम असे ज्यांना वाटते त्यांनी फार दूर जाण्याचे कारण नाही; विदर्भातल्या विदर्भात हिंडावे. आपल्या पूर्वेस व दक्षिणेस गोंडी बोलली जाते. ती द्राविड कुळातील भाषा. तिच्यात दोनच वर्ग आहेत: एक पुरुषांचा, दुसरा उरलेल्या सर्वांचा, त्या दुसऱ्या वर्गात स्त्रिया, जनावरे आणि वस्तू एकत्र येतात. मेळघाटात कोरकू आहे, ती मुंडा कुळातली. तिला 'तो' आणि 'ती' यांत भेद करावासाच वाटत नाही. तिचा भेद आहे सजीव आणि निर्जीव यांचा. एकाच विदर्भात तीन भाषाकुळे नांदतात आणि तिघींनी माणसांची वाटणी तीन प्रकारे केली आहे. म्हणून कोरकू माणसास आपली आई आणि आपला बाप यांतला भेद कळत नाही, असे थोडेच आहे! भाषेचे कप्पे भाषेने आपल्या सोयीने पाडलेले असतात, एवढाच त्याचा अर्थ.

आता मराठीच्या जन्मकाळाकडे वळू. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर, जेथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत आहे, ते तेराव्या शतकात महानुभावांचे गोविंदप्रभू यांचे गाव. मराठी गद्याचे जे पहिले मोठे ग्रंथ आपण मानतो ते याच पंथाने दिले. गोविंदप्रभूंच्या लीळांत गावचे लोक त्यांना एकाच श्वासात आईही म्हणतात आणि बापही म्हणतात. त्या आद्य गद्यलेखकांना त्यात काही विसंगत वाटले नाही. ते लोक म्हणाले तसे त्यांनी लिहून ठेविले. त्याच पंथात महदाइसा, बाइसा, आउसा अशा स्त्रिया होत्या; त्यांच्या नावांमागे लागलेला तो 'सा' हा आदराचा प्रत्यय आहे. ज्या समाजात संन्यासमार्गाचे दार स्त्रियांस बहुधा बंद असे, त्या समाजात एका पंथाने नामोच्चारापासून सुरुवात केली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पंढरीच्या वाटेवरचा दाखला तर आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. विठ्ठल पुरुष, कटीवर कर ठेवून उभा. पण भक्ताने साद घालावी ती 'विठाई माउली' अशी. आळंदीस समाधी घेतलेले ज्ञानेश्वर महाराज हेही 'माउली'. आणि एकदा माउली म्हटले की क्रियापदही स्त्रीलिंगी होते, पालखी निघताना 'माउली निघाली' असेच लोक म्हणतात. वारीत चालताना पाय लागला तरी 'माउली', वाट मागावयाची तरी 'माउली', पाणी द्यावयाचे तरी 'माउली'. समोरचा पुरुष आहे की स्त्री, पाटील आहे की मजूर, हे पाहण्याची कोणास गरज पडत नाही. लक्षावधी मराठी माणसे दरवर्षी आषाढात कित्येक दिवस या एका संबोधनावर आपला सारा व्यवहार चालवितात. घरी परतल्यावर ती सवय सुटते, हे मात्र कबूल केले पाहिजे.

रंगभूमीचेही उदाहरण पुष्कळ लोक देतात. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व (१८८८–१९६७) भामिनी, रुक्मिणी किंवा सिंधू होऊन रंगमंचावर येत तेव्हा प्रेक्षक 'ती आली' म्हणत, आणि नाटक संपल्यावर तेच प्रेक्षक 'नारायणराव भेटले' असे सांगत. मराठी जिभेस हा पालट जड गेला नाही, हे खरे आहे. परंतु हे उदाहरण मला अर्धेच पटते. नटाची भूमिका मध्यरात्री संपते. ज्या माणसांविषयी मी बोलत आहे त्यांचे आयुष्य ही भूमिका नव्हे.

आमचे घर महालात होते. १९५० नंतरच्या दशकातली गोष्ट असेल. धाकट्या भावाचा जन्म झाला त्या वर्षी दारात टाळ्या वाजल्या आणि ढोलकी घुमू लागली. वडील आतून म्हणाले, "कोण आहे तो?" आजी उंबऱ्यातूनच म्हणाली, "त्या आहेत." मग बाहेर पाहून, "या बाई, बसा. आधी पाणी घ्या." सुपात तांदूळ, वर गुळाचा खडा, नारळ आणि चोळीचा खण असे दिले गेले. आलेल्यांपैकी एकीने बाळास मांडीवर घेऊन आशीर्वाद दिला. आजी सुधारक मुळीच नव्हती. ज्या पेल्याने त्या पाणी प्यायल्या तो पेला तिने निराळा काढून ठेविला, हेही मी पाहिले आहे. पण दारात आलेल्याने स्वतःविषयी जे रूप वापरले तेच तिने उचलले, आणि त्यासाठी तिला कोणाच्या उपदेशाची जरूर भासली नाही.

आजीने सुपातून जे दिले ते आपण भीक समजतो. इतिहासात ते नेहमीच भीक नव्हते. मराठी राज्यात पश्चिम महाराष्ट्रातील हिजड्यांस ठरावीक गावांतून धान्य आणि पैसा घेण्याचा परंपरागत हक्क असे. काहींना इनाम जमिनी होत्या, आणि इतर वतनांप्रमाणे हे हक्क सरकारदरबारी मान्य होते. हा हक्क गुरूकडून चेल्याकडे जाई. इंग्रजी अंमल बसल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, मुंबई सरकारने हे हक्क पुढे चालविण्याचे नाकारले. वतनदाराचा याचक झाला तो असा.

पुढची पायरी याहून कठोर होती. १८७१ साली हिंदुस्थान सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याचा एक संपूर्ण भाग याच लोकांसाठी लिहिलेला होता आणि त्याचा अंमल प्रथम उत्तरेकडील प्रांतांत झाला. संशयितांची नावे व राहण्याची ठिकाणे नोंदवहीत चढवावयाची. नोंद झालेल्या माणसाने स्त्रीचा पोशाख किंवा दागिने घालून रस्त्यावर यावयाचे नाही. आल्यास वॉरंटावाचून पकडावे आणि दोन वर्षांपर्यंत कैद द्यावी. दत्तक घेणे, दानपत्र करणे, मृत्युपत्र करणे हे अधिकारही काढून घेतले. कायद्याच्या व्याख्येत ही सारी माणसे 'पुरुष' होती, आणि कोण या व्याख्येत बसतो ते त्याच्या कबुलीवरून अथवा वैद्यकीय तपासणीवरून ठरावयाचे होते. पतंजलीने दोन हजार वर्षांपूर्वी जी कसोटी वादात टिकत नाही असे दाखविले होते, ती शरीरचिन्हांची कसोटी सरकारने कायद्यात घातली. हा गुन्हेगार जमातींचा कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. पोलिसाच्या तोंडचा 'ए, तो' मात्र कोणत्या कलमात नव्हता. त्यामुळे तो रद्द करावयाचा राहून गेला.

नागपूर ज्या जुन्या मध्यप्रांताची राजधानी होते, त्याच प्रांतातील कटनी शहरात २००० सालच्या सुमारास कमला जान या महापौर म्हणून निवडून आल्या. जागा स्त्रियांसाठी राखीव होती. मतदारांना त्यांच्याविषयी सर्व काही ठाऊक होते आणि ठाऊक असूनच त्यांनी मते दिली होती. परंतु निवडणुकीस आव्हान देण्यात आले, कमला जान या कायद्याच्या दृष्टीने स्त्री नव्हेत असे न्यायालयाने धरले आणि निवड रद्द झाली. त्याच सुमारास मध्यप्रदेशच्या विधानसभेत शबनम मौसी आमदार म्हणून बसल्या होत्या. त्यांची जागा राखीव नव्हती, म्हणून तो प्रश्न उठला नाही. मतदारांनी त्यांना ज्या नात्याने हाक मारली ती 'मौसी' विधानसभेतही त्यांच्या नावात टिकून राहिली. एका शहरात एका शब्दावरून महापौरपद गेले, आणि दुसरीकडे एका शब्दाने आमदारास घरचे माणूस केले.

२०११ च्या जनगणनेत प्रथमच पुरुष आणि स्त्री यांखेरीज 'इतर' असा तिसरा रकाना आला. त्यात देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ माणसांची नोंद झाली. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हे मराठी आत्मकथन २०१२ साली निघाले. त्याच्या नावातच 'मी' दोनदा यावा हे मला अर्थपूर्ण वाटते. पुढे ज्या खटल्यात त्याही एक पक्षकार होत्या, त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी दिला. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांनी असे ठरविले की, आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे सांगण्याचा अधिकार ज्या त्या माणसाचा आहे, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. २०१९ च्या कायद्याने तो अधिकार तत्त्वतः लिहिला, पण दाखला जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे ठेविला, आणि पुरुष अथवा स्त्री असा बदललेला दाखला हवा असल्यास शस्त्रक्रियेचे वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले. मराठी वाक्याने कधीही न मागितलेले हे प्रमाणपत्र आहे.

'तृतीयपंथी' हा मराठी शब्द मला बरा वाटतो. वारकरी पंथ, महानुभाव पंथ, तसा हाही एक पंथ. त्यात देहाची चौकशी नाही, चालण्याच्या वाटेचा निर्देश आहे. जुने 'षंढ', 'नपुंसक' हे शब्द उणिवेवर बोट ठेवतात.

आता बोलण्याच्या व्यवहाराविषयी. मराठीत 'तू' म्हटले की लिंग आलेच: तू आलास, तू आलीस. पण 'तुम्ही आलात' म्हटले की ते गळून पडते. पुरुषासही आलात, स्त्रीसही आलात. 'आपण कोठून आलात?', 'यावे', 'बसावे', 'पाणी घ्यावे' या रूपांतही लिंग नाही. जुन्या घरांतील स्त्रिया पतीविषयी 'इकडून येणे झाले' असे म्हणत. तेथे कर्ताही अदृश्य आणि लिंगही अदृश्य. आदर वाढला की मराठी आपोआप लिंग सोडते. आपण नागपूरकरांनी मात्र थोडे जपावयास हवे. पुण्याकडील 'तुम्ही कधी आलात?' हे आपल्या बोलीत 'तुम्ही कधी आले?' किंवा 'तुम्ही कधी आल्या?' असे होते, आणि सोडलेले लिंग मागल्या दाराने परत येते. मी माझी बोली सोडणार नाही. पण समोरच्याचे 'आलो' की 'आले' हे ऐकून होईपर्यंत 'या, बसा' म्हणून थांबण्यास काय हरकत आहे?

म्हणजे प्रथम पुरुषात तो माणूस स्वतःच सांगतो, द्वितीय पुरुषात आदर आपल्याला वाचवितो. अडचण उरते ती तृतीय पुरुषात. म्हणजे ज्याच्याविषयी आपण इतरांशी बोलतो त्याच्या बाबतीत, आणि बहुधा तो समोर नसताना. तेथे ऐकलेले 'मी आले' तसेच पुढे न्यावयाचे असते: 'त्या आल्या'. माझी चूक याच जागी झाली.

हे सारे इतके सरळही नाही. किरा हॉल या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९९० नंतरच्या दशकात काशीच्या हिजड्यांच्या हिंदी बोलण्याचा अभ्यास केला. तीच व्यक्ती जिव्हाळ्याच्या बोलण्यात स्त्रीलिंगी रूपे वापरते आणि बालपण सांगताना, रागाच्या भरात किंवा वडीलधाऱ्यांविषयी बोलताना पुल्लिंगी वापरते, असे त्यांना आढळले. त्यांच्यातील नात्यांचे शब्दही मिश्र आहेत. एकाच गुरूच्या चेल्या परस्परांस 'गुरुभाई' म्हणतात. आणि आज काही तरुण मंडळी अशीही आहेत की त्यांना 'आलो'ही नको आणि 'आले'ही नको. त्यांच्यासाठी मराठीचे तिसरे लिंग तयार आहे असे कोणी सुचवील. पण 'ते आलं' हे वासराविषयी किंवा तान्ह्या मुलाविषयी ठीक, मोठ्या माणसास ते टोचते. कोणी 'आम्ही आलो' म्हणतात, कोणी नुसते नाव घ्यावयास सांगतात. येथे भाषा अडखळते. अशा वेळी विचारावे. ज्या घरांत पाहुण्यास चहा साखरेचा की बिनसाखरेचा हे विचारतात, तेथे हेही विचारता येईल.

वाचनालयाची गोष्ट राहिली. नोंदवहीत पत्ता होता. मी एक कार्ड लिहिले. नावामागे 'श्री.' लिहावे की 'श्रीमती', यात पंधरा मिनिटे गेली. अखेर दोन्ही गाळून पूर्ण नाव लिहिले. "आपली पावती येथे आहे. त्या दिवशी माझ्याकडून चूक झाली. सवडीने यावे." एवढाच मजकूर. पहिला महिना काही उत्तर आले नाही. दुसऱ्या महिन्यात एका पावसाळी सायंकाळी त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कार्ड मिळालं. मी आले." मी कारकुनास म्हणालो, "त्या आल्या आहेत. त्यांची पावती काढा." कारकुनाने नोंदवहीतील जुन्या अक्षरांवर रेघ मारून नवी पावती लिहिली. त्यांनी तिच्यावरील नाव वाचले, पावतीची घडी घालून पिशवीत ठेविली आणि स्पर्धा परीक्षेच्या एका पुस्तकाची नवी आवृत्ती मागितली. आमच्याकडे ती नव्हती, जुनीच होती. ती घेऊन उपयोग नाही असे त्यांनी जरा नाराजीने सांगितले, आणि कारकुनाने मागणीच्या वहीत ते नाव टिपून घेतले.